मेलेला गडी परत आणायचा तर

डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाला २०२४ साली पन्नास वर्षं झाली आणि त्याच वर्षी त्याच्या नियमांचं नवं पुस्तक निघालं. जळगाव-धुळ्याकडेही आता सुट्टीच्या दिवशी पाच-सहा पोरं कागद, पेन्सिल आणि रंगीत फासे घेऊन चार-चार तास एका टेबलाभोवती बसलेली दिसतात. बघणाऱ्याला एक गोष्ट हमखास कोड्यात पाडते. एकाचं पात्र मेलं म्हणून सगळे हळहळतात आणि पुढच्या रविवारी तेच पात्र ठणठणीत उभं असतं. मग मेलं म्हणजे नेमकं झालं काय? नव्याने खेळायला लागलेल्यांनाही हाच प्रश्न पडतो, आणि त्यातले बरेच जण परस्पर उत्तरही ठरवून टाकतात: हिरा असला की माणूस जिवंत, म्हणजे सगळा पैशाचा खेळ.

नियम नीट वाचले तर हिरा ही या जादूतली सगळ्यात सोपी अट निघते. खरा खर्च होतो तो वेळेचा, प्रेत सांभाळण्याचा आणि गेलेल्या आत्म्याच्या होकाराचा. हे तीन हिशोब ज्या टेबलावर काटेकोर ठेवले जातात, तिथे परत येण्याची सोय असूनही मरणाची भीती टिकते. जिथे फक्त वहीतून सोनं वजा होतं, तिथे दोन महिन्यांत कोणाला कशाचंच काही वाटेनासं होतं.

आधी चार शब्द

प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो: योद्धा, चोर, जादूगार, देवाची सेवा करणारा क्लेरिक. बाकी सगळं जग, म्हणजे गावं, राक्षस, दुकानदार, पाऊसपाणी, एकच माणूस चालवतो. तो डीएम, म्हणजे डंजन मास्टर. कुठलीही अवघड गोष्ट जमली की नाही, हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. पात्रात किती दम उरला आहे, त्याचा आकडा म्हणजे एचपी. जादूच्या मंत्राला टेबलावर सगळे स्पेलच म्हणतात, आणि स्पेलला पहिली ते नववी अशी पायरी असते. वरच्या पायरीचा स्पेल टाकायला पात्रही तेवढं मोठं झालेलं लागतं. उदाहरणार्थ, तिसऱ्या पायरीचे स्पेल क्लेरिकला पाचव्या लेव्हलला मिळतात, पाचव्या पायरीचे नवव्या लेव्हलला.

खाली दिलेले आकडे याच खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या पुस्तकातले. २०२४ मध्ये जिथे महत्त्वाचा बदल झाला, तिथे तसं सांगितलं आहे. हे मूळ नियम मोफत मिळतात: २०२३ च्या जानेवारीत ते क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले आणि नव्या आवृत्तीचे २०२५ च्या एप्रिलमध्ये. तेव्हा पुस्तक महाग आहे म्हणून कोणी ऐकीव नियमांवर खेळत बसायचं कारण नाही.

मरणाच्या अलीकडे

परत आणण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे मरूच न देणं. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण ऐन लढाईत त्यामागचे नियम आठवत नाहीत.

एचपी शून्य झाले की पात्र मरत नाही, बेशुद्ध पडतं. मग दर वेळी त्याची पाळी आली की वीसचा फासा टाकायचा. दहा किंवा त्याहून जास्त पडले तर एक यश, कमी पडले तर एक अपयश. तीन यशं आधी जमली तर जीव स्थिरावतो, तीन अपयशं आधी जमली तर पात्र मरतं. २० पडले तर पात्र १ एचपी घेऊन लगेच डोळे उघडतं. १ पडला तर दोन अपयशं एकदम मोजायची. कोणीच हात लावला नाही आणि कोणी आणखी मारलंही नाही, तर वाचण्याची शक्यता साधारण ६० टक्के. पण पडलेल्या माणसाला कोणी पाच फुटांच्या आतून मारलं आणि घाव लागला, तर तो घाव क्रिटिकल, म्हणजे वर्मी लागलेला, धरतात आणि दोन अपयशं मांडतात. म्हणजे राक्षस शेजारीच उभा असेल तर "पुढच्या पाळीला बघू" म्हणणं फार महागात पडतं.

वाचवण्याची साधनं मात्र अगदी साधी आहेत. पाच सोन्याच्या नाण्यांत मिळणारी उपचाराची पेटी दहा वेळा वापरता येते, आणि तिने जीव स्थिर करायला फासाही टाकावा लागत नाही. पहिल्या पायरीचा हीलिंग वर्ड साठ फुटांवरून नुसता बोलून टाकता येतो, त्यानंतर त्याच पाळीत एक घावही घालता येतो. एक धोका मात्र कुठल्याच पेटीने टळत नाही. शून्यावर आल्यानंतर उरलेला मार जर पात्राच्या पूर्ण एचपीइतका असेल, तर फाशांची संधीच नाही. कमाल १० एचपीच्या पात्राकडे ४ उरलेत आणि १४ चा घाव बसला, तर ते जागच्या जागी गेलं. पहिल्या-दुसऱ्या लेव्हलची पात्रं बहुतेक अशीच जातात, आणि नेमकं तेव्हाच परत आणायला कोणाकडे काही नसतं.

परत आणणारे पाच स्पेल

पहिला रिव्हिव्हिफाय, तिसऱ्या पायरीचा. मेल्यापासून एका मिनिटाच्या आत प्रेताला हात लावून टाकायचा. लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची, म्हणजे हातात दहा फेऱ्या. ३०० सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात आणि ते जळून जातात. माणूस १ एचपी घेऊन उठतो. तुटलेला अवयव परत येत नाही.

दुसरा रेझ डेड, पाचव्या पायरीचा. मुदत दहा दिवसांची, टाकायला एक तास, आणि किमान ५०० नाण्यांचा एक हिरा. विष उतरतं, साधे आजार बरे होतात, जिवावरच्या जखमा भरतात. पण गेलेला हात गेलेलाच राहतो, आणि जगायला लागणारा अवयवच नसेल, मुंडकंच नसेल, तर स्पेल लागू पडत नाही. शाप किंवा जादूचा रोग असेल तर तो माणसासोबत परत येतो. शिवाय परतलेल्याला घाव घालताना, स्वतःला वाचवताना आणि कुठलीही कसोटी देताना फाशातून ४ वजा करावे लागतात. रात्रभराच्या एका पूर्ण विश्रांतीने त्यातला १ कमी होतो, म्हणजे चार रात्री. ज्या योद्ध्याचा घाव अकरावर लागायचा, त्याचा आता पंधरावर लागतो. निम्मे घाव लागणाऱ्याचे दहातले तीनच लागतात. मागे शत्रू लागलेला असताना या चार रात्री पाचशे नाण्यांपेक्षा जास्त टोचतात.

निसर्गातून जादू मिळवणाऱ्या ड्रुइड लोकांचा रिइन्कार्नेट त्याच पायरीचा आणि दहाच दिवसांच्या मुदतीचा. त्याला हिरा लागत नाही, १,००० नाण्यांची दुर्मीळ तेलं आणि लेप लागतात. आत्मा तोच, शरीर नवं, आणि ते कोणत्या वंशाचं असेल ते शंभराच्या फाशावर ठरतं. सहा फुटी योद्धा तीन फुटांचा हाफलिंग होऊन उठू शकतो.

त्यापुढचे दोन मोठ्या लोकांचे. सातव्या पायरीचं रिझरेक्शन शंभर वर्षांपर्यंत मेलेल्याला आणतं, अवयवही परत देतं, हिरा १,००० नाण्यांचा. वजा ४ चा त्रास इथेही आहेच. नवव्या पायरीचं ट्रू रिझरेक्शन दोनशे वर्षांपर्यंत पोचतं, प्रेत नसलं तरी नाव घेऊन नवं शरीर उभं करतं, आणि २५,००० नाण्यांचे हिरे खातं. डिसइंटिग्रेट या स्पेलने ज्याची राख झाली, त्याला हे किंवा विश हा इच्छापूर्तीचा स्पेल, असे दोनच मार्ग उरतात.

घड्याळ थांबवता येतं

रावेरकडच्या केळीवाल्याला हे चटकन कळेल. घड कापला की त्याची वेळ सुरू झाली. थंड खोलीत ठेवला तर पिकणं लांबतं, पण जेवढं पिकलं तेवढं मागे जात नाही. जेंटल रिपोज हा दुसऱ्या पायरीचा स्पेल प्रेतासाठी हेच काम करतो. दहा दिवस प्रेत सडत नाही, त्याचं भूत किंवा चालतं प्रेत करता येत नाही, आणि ते दहा दिवस परत आणण्याच्या मुदतीत धरले जात नाहीत. संपण्याआधी पुन्हा टाकला की आणखी दहा दिवस.

इथे एक चूक फार टेबलांवर होते. हा स्पेल विधी करूनही टाकता येतो. तसा टाकला तर स्पेल टाकायची ताकद खर्च होत नाही, पण वेळ दहा मिनिटांनी वाढतो. रिव्हिव्हिफायची मुदत एका मिनिटाची. म्हणजे विधी संपेपर्यंत ते मिनिट कधीच गेलेलं असतं, आणि नंतर प्रेत कितीही ताजं ठेवलं तरी रिव्हिव्हिफाय चालत नाही. मिनिट वाचवायचं असेल तर जेंटल रिपोज ऐन लढाईत, ताकद खर्चून, एका पाळीत टाकावा लागतो. मेल्यावर तिसऱ्या फेरीत टाकला, तर उरलेल्या सात फेऱ्या तशाच गोठून राहतात, आणि आठवड्याने हिरे मिळाले की त्या सात फेऱ्यांत रिव्हिव्हिफाय टाकता येतो. रेझ डेडचा वाढीव खर्च आणि चार रात्रींचा अशक्तपणा दोन्ही वाचतात. हुशार क्लेरिक हेच करतो.

दुसरी गोष्ट नाण्यांची. २०१४ च्या नियमात या स्पेलला चिमूटभर मीठ आणि प्रेताच्या दोन्ही डोळ्यांवर एकेक तांब्याचं नाणं लागतं, आणि ती नाणी स्पेल चालू असेपर्यंत तिथेच राहायला हवीत. प्रेत बैलगाडीत घालून खडकाळ वाटेने न्यायचं असेल तर पहिल्याच गचक्याला नाणं घरंगळतं आणि स्पेल संपतो. म्हणून डोळ्यांवरून पट्टी बांधायची, आणि ती बांधल्याचं डीएमला तोंडाने सांगायचं. सांगितलं नाही तर बांधली नाही, असंच धरलं जातं. २०२४ च्या नियमात ती दोन नाणी स्पेल टाकतानाच खर्ची पडतात, त्यामुळे ही भानगड उरली नाही.

पाल ते प्रकाशा: एक हिशोब

खेळाचं जग आपल्याच मुलखावर बेतलं तर हे नियम किती टोकदार होतात ते बघा. सातव्या लेव्हलची पार्टी, म्हणजे पात्रांचा गट, सातपुड्यात पालच्या वरच्या जंगलात आहे. संध्याकाळी ट्रोल नावाच्या राक्षसाशी झालेल्या मारामारीत योद्धा सुपडू मेला. क्लेरिक केसरला रिव्हिव्हिफाय येतो, पण पिशवीत हिरा नाही. रेझ डेड टाकू शकणारी नवव्या लेव्हलची क्लेरिक या जगात एकच जवळ आहे, ती तापी-गोमाईच्या संगमावर, प्रकाशाला.

वाट पाल, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा अशी. खेळापुरते २०० किलोमीटर धरू. नियमाप्रमाणे साधारण चालीने दिवसाला २४ मैल, म्हणजे ३८ किलोमीटर होतात. डोंगरात त्याच्या निम्मे. पहिले ४० किलोमीटर डोंगरातले, तिथे दोन दिवस गेले. उरलेल्या १६० ला चार दिवसांहून थोडा जास्त वेळ. म्हणजे सातव्या दिवशी पोचणार आणि हातात तीन दिवस राहणार.

आता प्रेत. सुपडूचं वजन ७० किलो आणि अंगावरचं साखळीचं चिलखत ५५ पौंडांचं, म्हणजे आणखी २५ किलो. खेळात माणूस आपल्या ताकदीच्या आकड्याच्या पंधरापट पौंड उचलून चालू शकतो. ताकद १६ असलेल्याला २४० पौंड, साधारण १०९ किलो. सुपडूला चिलखतासकट खांद्यावर घेतलं तर त्याच्याकडे स्वतःच्या ढाल-तलवारीपुरती जागा उरते. म्हणून डोंगर उतरल्यावर पहिल्या गावात गाडी घ्यायची. नियमपुस्तकात तिची किंमत १५ नाणी आहे, ओढायला जनावर वेगळं.

चोपड्याच्या पुढे अनेर नदीला पूर. दोन दिवस काठावर बसावं लागलं. उरला एक दिवस, आणि तेवढ्यात कळतं की प्रकाशाची क्लेरिक नंदुरबारला गेली आहे. झालं, मुदत संपली.

सुपडू मेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केसरने जेंटल रिपोज तयार करून विधीने टाकला असता, तर दहा दिवसांतली एकच रात्र खर्ची पडली असती आणि अनेरचा पूर आठवडाभर राहिला तरी चाललं असतं. मीठ, दोन तांब्याची नाणी आणि दहा-बारा मिनिटं. एवढ्यासाठी सुपडू गेला. असा प्रवास एकदा टेबलावर घडला की त्या गटात पुन्हा कोणी तो स्पेल विसरत नाही. डीएमने मात्र दिवस मोजायला हवेत. कागदावर दहा चौकोन आखा आणि प्रत्येक विश्रांतीला खेळाडूच्याच हाताने एक खोडायला लावा. दर चौकोनाबरोबर टेबलावरची कुजबुज कमी होत जाते.

"पण शेवटी पैसा असला की झालंच ना?"

सोन्याचे आकडे खेळाडूंना किरकोळ वाटतात, कारण त्यांच्या पात्रांना खजिने सापडतात. त्या जगातल्या साध्या माणसाच्या जागी उभं राहून बघा. पुस्तकात बिनकसबी मजुराची मजुरी दिवसाला २ चांदीची नाणी आहे, आणि १० चांदीची मिळून एक सोन्याचं. रिव्हिव्हिफायचे ३०० म्हणजे १,५०० दिवसांची मजुरी, चार वर्षांहून जास्त. रेझ डेडचे ५०० म्हणजे जवळजवळ सात वर्षं, तेही पोटाला काही न खाता. ट्रू रिझरेक्शनला ३४२ वर्षं लागतील. गावात कोणाचं पोर ताप येऊन गेलं आणि तुमची पार्टी कमरेला हिरे बांधून तिथून निघाली आहे, असा प्रसंग डीएमने एकदा तरी आणावा.

शिवाय सोनं म्हणजे हिरा नव्हे. पन्नास नाण्यांचा एक पौंड होतो. ५०० नाणी साडेचार किलोंची, २५,००० नाणी सव्वादोनशे किलोंहून जास्त. एवढं सोनं गाडीत घालून फिरलात तरी ते स्पेलला चालत नाही. कोणीतरी हिरा विकायला हवा. आणि हिरा एकच का अनेक, हेही बघावं लागतं. रेझ डेडला "एक हिरा" म्हटलं आहे, म्हणजे अडीचशेचे दोन चालत नाहीत. रिव्हिव्हिफायला २०१४ मध्ये "हिरे" होतं, त्यामुळे बारीक खडे जमवून भागायचं. २०२४ मध्ये तिथेही एकच खडा लागतो.

खजिन्यातून मिळतील म्हणावं तर तिथेही अडचण आहे. डीएमसाठीच्या २०१४ च्या पुस्तकातल्या रत्नांच्या तक्त्यांत हिरा फक्त ५,००० नाण्यांच्या गटात येतो. म्हणजे फाशांवर खजिना काढत राहिलात तर ३०० किंवा ५०० चा हिरा कधीच निघणार नाही. तो डीएमने जाणून ठेवावा लागतो. ही त्याच्या हातातली सगळ्यात मोठी चावी. जळगावच्या सराफ बाजारावर बेतलेली पेठ तुमच्या जगात असेल, तर तिथे आज किती खडे शिल्लक आहेत ते आधीच लिहून ठेवा. दोन म्हणजे दोन. एक पार्टीने घेतला, दुसरा कुणा सरदाराने घेतला, पुढचा माल महिन्याने.

यावर एखादा चलाख खेळाडू हमखास विचारतो: दुकानदाराने शंभराचा खडा मला पाचशेला विकला, तर तो पाचशेचा झाला ना? चालू द्या असं म्हटलं तर उद्या दोन पात्रं एकमेकांना खडे महाग विकून मोकळी होतील. खडा किती मोठा आणि किती स्वच्छ, यावरून डीएमने त्याची किंमत एकदा ठरवावी आणि बाजार चढो की उतरो, ती बदलू नये. लुबाडला गेलेला माणूस स्पेल टाकायला बसतो आणि खडा जळतच नाही, हा प्रसंग रंगतोही चांगला.

आत्मा नाही म्हणाला तर

परत यायला आत्मा राजी हवा आणि मोकळा हवा. कोणी तो बाटलीत किंवा रत्नात कोंडला असेल तर आधी सोडवावा लागतो. २०१४ च्या डीएम-पुस्तकानुसार बोलावणाऱ्याचं नाव, त्याची वृत्ती आणि त्याचा देव आत्म्याला कळतो, आणि तेवढ्यावरून तो नकार देऊ शकतो. २०२४ च्या नियमांतही कोण बोलावतंय हे आत्म्याला कळतं आणि नकाराचा हक्क आहे. म्हणून शत्रूने चौकशीसाठी तुम्हाला जिवंत करायचं ठरवलं तरी त्याचं चालत नाही.

मला या सगळ्या नियमांत हा नियम सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि बहुतेक टेबलांवर तो वगळलाच जातो. पात्र ज्याचं, त्याला डीएमने बाजूला घेऊन सरळ विचारावं: तुझ्या सुपडूला यायचं आहे का? बऱ्याचदा उत्तर पटकन "हो" येतं. पण सुपडूची बायको त्याच्या पाच वर्षं आधी गेलेली असेल आणि ती त्याला तिकडे भेटली असेल, तर खेळाडू थांबतो. आणि तो अहिराणीत "माले परत येनं नही" असं म्हणाला, तर हिरा, प्रवास, पूर सगळं बाजूला राहतं आणि जिवंत असलेल्यांना त्याच्याशी बोलावं लागतं. बोलणं जमलं नाही, तर नाही. तो निर्णय खेळाडूचाच राहू द्यावा. डीएमने किंवा सोबत्यांनी त्याच्यावर दडपण आणू नये.

"मग त्या जगातले राजे मरतातच कसे?"

हा आक्षेप योग्य आहे आणि जग रचणाऱ्याने त्याला टाळू नये. १६३१ च्या जूनमध्ये बुऱ्हाणपुरात, त्या काळच्या खानदेश सुभ्यात, चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल गेली. तिला तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तात्पुरतं पुरलं आणि सहा महिन्यांनी आग्र्याला नेलं. शहाजहानच्या तिजोरीत हिऱ्यांना तोटा नव्हता. तुमच्या खेळातल्या बुऱ्हाणपुरात नवव्या लेव्हलचा एक क्लेरिक असेल, तर राणी दहा दिवसांत उठून बसते आणि ताजमहाल बांधलाच जात नाही. बांधला गेला असेल, तर का, याचं उत्तर तुमच्याकडे हवं.

नियमांतच पुरेशी उत्तरं आहेत. म्हातारपणाने मेलेल्यांना रिझरेक्शन काय, ट्रू रिझरेक्शनही परत आणत नाही. मारेकरी शहाणा असेल तर मुंडकं घेऊन जातो, म्हणजे रेझ डेड बाद. प्रेत जाळून राख तापीत सोडली तर नववी पायरी सोडून सगळंच अवघड. मृत्यू दहा दिवस लपवून ठेवणारा कारस्थानी दिवाण एकही घाव न घालता काम फत्ते करतो. मेलेल्याचं चालतं प्रेत करून ठेवलं तर त्या अवस्थेत परतीचे स्पेल लागत नाहीत. आणि मुख्य म्हणजे एवढ्या वरच्या लेव्हलचे क्लेरिक किती, हे डीएमच ठरवतो. खानदेशभर एक असेल तर तिच्या दाराशी रांग असेल, आणि रांगेत आधी कोण, यावरून लढाया होतील.

दोन पळवाटा मात्र आधीच बुजवून ठेवा. रिइन्कार्नेटच्या मजकुरात म्हातारपणाची अट लिहिलेली नाही, त्यामुळे एखादा राजा दर साठ वर्षांनी नवं शरीर मागेल. दुसरी, जादूगारांचा आठव्या पायरीचा क्लोन: १,००० चा हिरा, २,००० चं भांडं आणि आपल्याच मांसाचा तुकडा घेऊन १२० दिवसांत दुसरं शरीर तयार ठेवता येतं, मेला की आत्मा तिकडे जातो. तुमचा खलनायक जादूगार असेल तर त्याने हे केलेलं असणारच.

पूर्वी हे स्वस्त नव्हतं

जुने खेळाडू म्हणतात की आजची पोरं लाडावलेली. थोडं तथ्य आहे. १९७० च्या दशकाअखेरीस आलेल्या अॅडव्हान्स्ड आवृत्तीत परत येताना शंभराचा फासा टाकावा लागे. अंगकाठीचा आकडा १० असेल तर यशाची शक्यता ७५ टक्के, आणि चुकलं तर कायमचं. आयुष्यात किती वेळा परत येता येईल यालाही मर्यादा होती. एल्फ वंशाची पात्रं तर रेझ डेडने उठतच नसत. रिझरेक्शन टाकणारा क्लेरिक स्वतः तीन वर्षांनी म्हातारा होई. २००३ च्या साडेतिसऱ्या आवृत्तीत रेझ डेडला ५,००० चे हिरे लागू लागले आणि परतलेल्याची एक अख्खी लेव्हल जाई.

लेव्हल जाण्याचा नियम मला चुकीचा वाटतो. ज्याचं पात्र मेलं तो आधीच नाराज. वर तो पुढचे सहा महिने बाकीच्यांच्या मागे राहणार, आणि मागे असल्यामुळे पुन्हा तोच मरणार.

"तरी दर वेळी परत येता येत असेल तर मजा काय?"

मजा टिकवायला आकडे वाढवण्यापेक्षा अनिश्चितता आणलेली बरी. मॅथ्यू मर्सर या अमेरिकन डीएमने लोकप्रिय केलेला एक नियम इथे कामाचा आहे. तासाभराचा स्पेल टाकला की शेवटी डीएम वीसचा एक फासा टाकतो. पहिल्यांदा १० लागतात, आणि त्या पात्राच्या आधीच्या प्रत्येक पुनरागमनामागे १ वाढतो. त्याआधी जास्तीत जास्त तीन सोबती आपापल्या परीने काही करतात: कोणी प्रार्थना करतं, कोणी त्याची बासरी वाजवतं, कोणी भांडतं. प्रत्येकाची कसोटी जमली तर लागणारा आकडा ३ ने उतरतो, फसली तर १ ने चढतो.

आधी दोनदा परत आलेलं पात्र घ्या. सुरुवात १२ पासून. तिघांचंही जमलं तर ३ लागतात, म्हणजे ९० टक्के. दोघांचं जमलं, एकाचं फसलं तर ७, म्हणजे ७० टक्के. तिघांचंही फसलं तर १५, आणि शक्यता फक्त ३० टक्के. फासा पडला नाही तर आत्मा कायमचा गेला. हा नियम खेळ सुरू होण्याआधी, पहिल्याच बैठकीत सगळ्यांना सांगून ठेवा; कोणी मेल्यावर काढलात तर तो अन्याय वाटतो आणि तसा तो असतोही.

कचाची गोष्ट आणि हे एकच का?

घरातल्या मोठ्यांना हे सगळं परकं वाटलं तर त्यांना महाभारतातल्या कचाची आठवण करून द्या. असुरांनी त्याला एकदा तुकडे करून लांडग्यांना घातलं, शेवटी तर जाळून राख मद्यातून शुक्राचार्यांनाच पाजली, आणि संजीवनी विद्येने तो दर वेळी परत आला. शेवटच्या वेळची किंमत बघा: कच बाहेर आला तर गुरू मरणार, म्हणून गुरूला आपली विद्याच त्याला द्यावी लागली. ज्या डीएमला हिरे वजा करण्यापलीकडची किंमत सुचत नसेल, त्याने ही कथा पुन्हा वाचावी. परत आणणाऱ्याला काय सोडावं लागलं, हा प्रश्न त्यातून आपसूक सुचतो.

ज्याचं पात्र मेलं तो काय करेल?

हे नियमांत नाही, पण यावरच अनेक गट फुटतात. सुपडू मेला, प्रवास सात दिवसांचा, टेबलावर तो दोन बैठका चालणार. सुपडूचा खेळाडू तोवर मोबाईल बघत बसतो आणि तिसऱ्या रविवारी येत नाही. त्याला लगेच दुसरं पात्र द्या. गाडीवान द्या. नाव, पाच-सहा एचपी, एक कुऱ्हाड आणि एक गरज: त्यालाही प्रकाशाला पोचायचं आहे, कारण त्याच्याही गाडीत कोणीतरी आहे. मग संगमावर पोचल्यावर पेठेत हिरा एकच शिल्लक असेल, तर तो कोणासाठी वापरायचा, हे त्या दोन्ही पात्रांच्या एकाच खेळाडूसमोर बाकीच्यांना ठरवू द्या.